गुलाबी कातडीतला गवई

माणसाचे केस घालून केलेला केक कॅमेऱ्यासमोर खाणाऱ्या गृहस्थाने पुढे कधीतरी विरहाचं गाणं म्हटलं, तर ऐकणाऱ्याने डोळे पुसावेत की नाक दाबावं? २०१८च्या ऑक्टोबरात जगभरच्या पुष्कळ तरुण श्रोत्यांपुढे हा पेच खरोखर उभा राहिला. त्यांनी थोडा वेळ नाक दाबलं आणि मग रुमाल डोळ्यांकडे नेला. अल्बमचं नाव 'बॅलड्स १'. गायकाचं नाव जोजी. केकही त्याचाच.

जोजी म्हणजे जॉर्ज कुसुनोकी मिलर. जन्म ओसाकाचा, आई जपानी, वडील ऑस्ट्रेलियन, शाळा कोबे शहरातली आणि शाळेचं नाव कॅनेडियन अकॅडमी. एका मुलाभोवती इतके देश जमल्यावर त्याचं कॉलेज न्यूयॉर्कला होणं ओघानंच आलं. नाद मात्र पोरवयापासून एकच, गाण्याचा. संगणकावर ठेके जुळवायचे, युकुलेले छेडत बसायचं. आता हे गाणं लोकांनी ऐकावं म्हणून काय करावं? त्याने यूट्यूबवर विनोदी व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. हसायला आलेली मंडळी जाता जाता दोन गाणीही ऐकतील, असा हिशेब. दुकान गाण्याचं आणि गिऱ्हाईक खेचायला दाराशी माकड बांधलेलं. गिऱ्हाईक आलं, तोबा गर्दी झाली, पण सगळे माकडापाशीच थांबले. आत दुकान आहे हे बऱ्याच जणांना कित्येक वर्षं कळलंच नाही.

माकडाचं नाव फिल्दी फ्रँक. डोळ्यांवर चष्मा, अंगात निळा शर्ट, आवाज घोगरा, कायम वरच्या पट्टीत आणि कायम संतापलेला. व्लॉग करणारे लोक, जपानी कार्टून बघून स्वतःला जपानी समजू लागलेली अमेरिकन पोरं, झाडून सगळे वंश, सगळे धर्म, असं कुणीही फ्रँकच्या तडाख्यातून सुटलं नाही. त्याच्या विश्वाचे कायदेकानूनही वेगळे होते. तिथे चलन म्हणून गुणसूत्रं चालायची. चिन-चिन नावाच्या एका काळोख्या दैवताची मर्जी राखावी लागायची. आणि पिंक गाय, म्हणजे 'गुलाबी गडी', नावाचा एक प्राणी वावरायचा. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी लायक्रात आवळलेला, चेहरा तेवढा उघडा, मनात येईल तेव्हा किंचाळणारा. फ्रँकही मिलरच आणि पिंक गायही मिलरच.

हा फ्रँक म्हणजे माणसाने जे जे असू नये त्या सगळ्याचा पुतळा आहे, असा खुलासा मिलरने स्वतःच करून ठेवला होता. खुलासा खरा आहे. तरी ते जुने व्हिडिओ आज लावले तर काही ठिकाणी हसू यायच्या आधी आपण दार लोटून घेतो, हेही तितकंच खरं. वात्रटपणाची एक जात अशी असते की ती त्या त्या वर्षीच शोभते. मिलरच्या वात्रटपणातला बराचसा ऐवज त्या जातीचा होता.

पण त्याच काळात त्याच्या हातून एक जागतिक घटना घडून गेली. २०१३च्या सुरुवातीला त्याने अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ टाकला. छोटीशी खोली, विचित्र कपडे चढवलेले चौघे, त्यांत गुलाबी कातडीवाला एक, आणि मागे बावर नावाच्या निर्मात्याचं 'हार्लेम शेक'. ते गाणं आदल्या वर्षीच निघालेलं होतं. चौघेही कंबर अशी हलवत होते की त्याला नृत्य म्हणावं की पोटशूळ, हे ठरवणं कठीण. पुढे ऑस्ट्रेलियातल्या काही पोरांनी त्याला साचा दिला. आधी एकट्याने हलायचं, बाकीच्यांनी आपापलं काम करत दुर्लक्ष करायचं आणि ठेका पडला की अख्ख्या खोलीने वेडं व्हायचं. मग जगाला सांगावं लागलं नाही. कैरोत मुस्लिम ब्रदरहुडच्या कचेरीबाहेर निदर्शकांनी हा नाच केला. ट्युनिशियात शाळकरी मुलांनी केला, तर शिक्षणमंत्र्यांनी चौकशी लावली. ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात, कामगारांनी केला आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांनी विमान हवेत असताना केला, तेव्हा विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याला लक्ष घालावं लागलं.

नेमकं त्याच सुमारास बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाने आपल्या 'हॉट १००' यादीच्या हिशेबात यूट्यूबवरचे प्रेक्षक धरायला सुरुवात केली. 'हार्लेम शेक' थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं आणि पाच आठवडे तिथेच मुक्काम ठोकून राहिलं. क्रमांक अर्थात बावरचा. गाण्याचं दुकान चालावं म्हणून धडपडणाऱ्या मिलरने कंबर हलवली आणि पहिल्या नंबरावर जाऊन बसलं दुसऱ्याचं गाणं! विनोदी माणसाच्या नशिबात हे असतंच. पंगत तो हसवतो, दक्षिणा भलताच घेऊन जातो.

गाणी तो करत नव्हता असं नाही. पिंक गायच्या नावाने करत होता. २०१७च्या जानेवारीत आलेल्या 'पिंक सीझन'मध्ये तीसहून जास्त चिजा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक चारचौघांत लावता येण्याजोग्या नाहीत. तरीही हा अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत शिरला. त्यातलं 'शीज सो नाइस' ऐकावं. शब्द कळत नसतील तर एखाद्या सुस्वभावी मुलाने संध्याकाळी गच्चीवर बसून म्हटलेलं प्रेमगीत वाटतं. चाल गोड, तारा हलक्या हाताने छेडलेल्या, आवाजात खरं मार्दव. शब्द कळले की माणूस आधी आवाज बंद करतो आणि मग घरात कुणी ऐकलं का ते बघतो. पिंक गायची सगळी युक्ती या एका गाण्यात सापडते. चाल हळवी होऊ लागली, ऐकणाऱ्याच्या घशात काही अडकणार असं दिसलं, की लगेच एक घाणेरडा शब्द पुढे सारायचा. मुलगा लाजला की जीभ काढून दाखवतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे जीभ सुरेल होती.

खरी गंमत पुढेच आहे. इतर मंडळी चारचौघांत सभ्य वागतात आणि चावट उद्योग लपूनछपून करतात. मिलर लाखो लोकांसमोर चावटपणा करायचा आणि लपूनछपून हळवी गाणी रचायचा. 'थॉम', 'यू सक चार्ली' अशी ती गाणी त्याने साउंडक्लाउडवर वेगळ्या खात्यात ठेवली होती. फ्रँकच्या चाहत्यांना कळलं तर ते गाणं ऐकणारच नाहीत, कडव्यात शिवी कधी येते याची वाट बघत बसतील, अशी भीती. चाहत्यांनी अर्थातच हुडकून काढलं. चोरी पकडली गेल्यावर काही काळाने तो जोजी या नावाने उघडपणे समोर आला. २०१७च्या नोव्हेंबरात 'इन टंग्स' हा सहा गाण्यांचा छोटा संच निघाला. लोकांनी तो ऐकला. काहींनी दोनदा ऐकला, एकदा गाण्यासाठी आणि एकदा शिवीच्या शोधात.

विनोदी माणसाचं गंभीर होणं हे काही नवीन नाही, आणि त्याला माफ न करणंही नवीन नाही. विनोदी नट डोनाल्ड ग्लोव्हरने गाण्यासाठी चाइल्डिश गॅम्बिनो हे नाव इंटरनेटवरच्या नावं जुळवून देणाऱ्या एका यंत्रातून काढलं. २०११ साली त्या नावाने 'कॅम्प' हा पहिला मोठा अल्बम आणला, तेव्हा पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाच्या समीक्षकाने दहापैकी १.६ गुण दिले. दशांशाची ती मेहनत पाहण्यासारखी आहे. नुसता दीड दिला असता तर सरसकट राग वाटला असता, पण वरचा एक दशांश द्यायचा म्हणजे आधी सगळं नीट ऐकलं असणार. ग्लोव्हरला ग्रॅमीच्या मुख्य पुरस्कारापर्यंत पोचायला त्यानंतर सात-आठ वर्षं लागली. विनोदी नट स्टीव्ह मार्टिन तर १९७८ साली इजिप्तच्या फॅरोवर 'किंग टट' हे गमतीचं गाणं गाऊन गेला होता. त्याचं बँजोवादन मनावर घ्यायला जगाने २००९चा 'द क्रो' येईपर्यंत वाट पाहिली आणि मग ब्लूग्रासचं ग्रॅमी दिलं. तोवर त्याचे केस पांढरे होऊन गेले होते. ते तरुणपणीच पांढरे होते, ही गोष्ट वेगळी.

मराठी वाचकाला यासाठी फार लांब जायला नको. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी १९९२ मध्ये जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक' केला. लेखणी पु. ल. देशपांड्यांची. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि बेर्डे दिसले की हसायचं असा करार केलेला प्रेक्षक तिकीटखिडकीकडे फिरकला नाही.

मिलरने एक शहाणपण केलं. त्याने प्रेक्षकाला गोंधळायला वेळच दिला नाही. २०१७च्या २९ डिसेंबरला त्याने जाहीर केलं की फ्रँक संपला. कारणं प्रकृतीची होती. मज्जासंस्थेचा आजार होता, आणि वर्षानुवर्षं तो घोगरा आवाज काढून घशाला इजा झाली होती. शिवाय आता त्यात रस उरला नव्हता, हेही त्याने सरळ सांगून टाकलं. गवयाच्या घरात गळ्याला थंड पाणी लागू देत नाहीत. या गवयाने आपला गळा सहा-सात वर्षं बोंबलण्यात घातला आणि उरला तेवढा गाण्यासाठी वाचवला. जाण्यापूर्वी त्याने फ्रँकच्या विश्वाची कहाणी संपवणारी एक कादंबरीही लिहून ठेवली, 'फ्रान्सिस ऑफ द फिल्थ'. मृत्युपत्र, तेही कादंबरीएवढं. बरेच राजकारणी पक्ष सोडताना इतकी नीट निरवानिरव करत नाहीत.

अवघ्या तीन दिवसांनी, २०१८च्या एक जानेवारीला, त्याच्याच संगीत कंपनीतल्या आणखी एका मुलाने आपलं जुनं नाव टाकून दिलं. जकार्ताचा ब्रायन इमॅन्युएल. शाळेत न जाता घरीच शिकलेला, इंग्रजी यूट्यूब बघून उचललेली. २०१६ साली गुलाबी टी-शर्ट घालून आणि कमरेला पर्यटकी बटवा बांधून त्याने 'डॅट स्टिक' हे रॅपगाणं केलं होतं. अमेरिकन रॅपर मंडळींना ते आधी थट्टा वाटलं आणि मग आवडलं. तोवरचं त्याचं टोपणनाव छापण्यालायक नव्हतं. एक जानेवारीपासून तो रिच ब्रायन झाला आणि फेब्रुवारीत त्याचा पहिला अल्बम 'आमेन' आला. दोघेही एटीएटरायझिंगचे. शॉन मियाशिरोने २०१५ मध्ये काढलेली ही कंपनी आशियाई कलाकारांना अमेरिकेच्या मुख्य बाजारात नेण्यासाठी ओळखली जाते. एकाच कंपनीतले दोन गुलाबी कपडेवाले एकाच आठवड्यात मोठे झाले. नव्या वर्षाचे संकल्प आपल्याकडे दहा तारखेपर्यंत टिकत नाहीत, त्या हिशेबाने ही कामगिरी मोठीच म्हणायची.

आणि मग २६ ऑक्टोबर २०१८ला 'बॅलड्स १' आला. बारा गाणी, सगळी मिळून पस्तीस मिनिटांच्या आसपास. हा अल्बम पोक्त आहे असं म्हणताना एक अडचण येते, ती आधीच सांगून टाकावी. त्यातल्या एका गाण्याचं नाव एका अश्लील संकेतस्थळाचं आहे आणि दुसऱ्याचा अर्थ साधारण 'मी अजून लॉस एंजेलिसमध्ये का आहे' असा होतो. म्हणजे माणूस पूर्ण सुधारला असं कुणी समजू नये.

'स्लो डान्सिंग इन द डार्क' हे यातलं गाजलेलं गाणं. मंद, धुकट सुरावट आणि त्यावर खर्जाजवळ रेंगाळणारा आवाज. बोलतोय की गातोय ते चटकन कळत नाही. ध्रुवपद आलं की तोच आवाज एकदम वर जातो, ताणतो, फाटायला येतो. ज्या गळ्याने फ्रँक ओरडायचा तोच गळा आहे, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो. इथे ओरडणं आहे, पण कुणावर तरी ओरडणं नाही. पिंक गाय असता तर या जागी त्याने नक्की काहीतरी अचकट टाकून सुटका करून घेतली असती. ती ओळ येतच नाही. आपण वाट बघत राहतो आणि गाणं पुढे निघून जातं. मोठं होणं म्हणतात ते या अल्बमात एवढंच झालंय, पण ज्याने सहा वर्षं दर हळव्या जागी ढाल धरली त्याच्या दृष्टीने ही ढाल खाली ठेवणं काही लहानसहान काम नव्हतं.

बाकी चमत्कारिकपणा त्याने सोडलेला नाही, आणि ते बरंच झालं. या गाण्याचा व्हिडिओ जॅरेड होगनने केला आहे. त्यात जोजी पांढऱ्याशुभ्र सुटात रात्रीच्या शहरातून झोकांड्या खात चालतो. पाठीत बाण रुतलेला, तोंडातून रक्त. आणि सुटाच्या विजारीखाली बुटांच्या जागी खूर. ग्रीक पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड. हेच दृश्य फ्रँकच्या व्हिडिओत असतं तर प्रेक्षक गडाबडा लोळला असता. बोकडाचे पाय, लग्नातला सूट, पाठीत बाण! तमाशातल्या सोंगाड्यालाही जरा जास्तच वाटेल अशी ही जोडणी. फरक इतकाच की व्हिडिओभर तो एकदाही प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारत नाही. खुरांवर चालताना पाय मुडपतो, तो सावरतो, पुन्हा चालतो, आणि आपण हसायचं विसरतो. सोंग तेच, सोंगाड्याने फक्त 'कसं फसवलं!' म्हणायचं सोडलं.

समीक्षकांनी मात्र हातचं राखूनच कौतुक केलं. गाणी सगळी एकाच मनःस्थितीत फिरतात, अर्धवट सोडल्यासारखी संपतात, हे आक्षेप खोटे नाहीत. काही गाणी दोन-अडीच मिनिटांत अशी गुंडाळली जातात की जणू गायकाला स्टेशनवर गाडी पकडायची आहे. पण यूट्यूबवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. प्रेक्षक कधी उठून जाईल याचा नेम नसतो, तेव्हा आपणच आधी उठलेलं बरं.

बिलबोर्डच्या आर अँड बी आणि हिप-हॉप अल्बमांच्या यादीत 'बॅलड्स १' पहिल्या क्रमांकावर गेला. आशियात जन्मलेल्या एकल कलाकाराने त्या यादीत पहिलं स्थान मिळवण्याची ही पहिलीच वेळ. सगळ्या प्रकारच्या अल्बमांच्या 'बिलबोर्ड २००'मध्ये तो तिसरा होता. पावणेसहा वर्षांपूर्वी कंबर हलवून दुसऱ्याचं गाणं पहिल्या नंबरावर नेणारा माणूस अखेर स्वतःच्या गाण्यांसह पहिला आला. या वेळी कंबर जागच्या जागी होती.

इथे नाटकाचा पडदा पडायला हरकत नव्हती. पण इंटरनेट हा पडदा पडल्यावरही खुर्च्या न सोडणारा प्रेक्षक आहे. टिकटॉकवरच्या पोरांना 'स्लो डान्सिंग इन द डार्क' सापडलं. त्यांना त्यात विरह दिसला नाही, मायक्रोवेव्ह दिसला. सूर चढला की जमिनीवर बसून, अंग आक्रसून, आतल्या बशीवरच्या अन्नासारखं गोल गोल फिरायचं. झालं 'मायक्रोवेव्ह चॅलेंज'! ज्या माणसाने एका विचित्र नाचातून सुटण्यासाठी घसा, प्रकृती आणि एक अख्खं पात्र खर्ची घातलं, त्याच्या सगळ्यात प्रामाणिक गाण्यावर जग पुन्हा एक विचित्र नाच बसवून मोकळं झालं. या खेपेला गाणं निदान त्याचं स्वतःचं होतं, एवढी प्रगती.

त्याने मनावर घेतलेलं दिसत नाही. २०२२च्या जूनमध्ये आलेलं 'ग्लिम्प्स ऑफ अस' जवळपास नुसत्या पियानोवर उभं आहे, आणि त्याने 'हॉट १००'मध्ये आठवा क्रमांक गाठला. जुने चाहतेही थकले, नोकऱ्यांना लागले. केक खाताना पाहिलेला माणूस आता आपल्या प्रेमभंगाला साथ करतो, हे त्यांनी मुकाट्याने पचवलं. केकपेक्षा सोपंच होतं ते.

'बॅलड्स १' असं नाव ठेवल्यामुळे 'बॅलड्स २' कधी येतो याची वाट पाहणाऱ्यांचा मात्र विरस झाला. २०२०मध्ये आला तो 'नेक्टर'. २०२२मध्ये आला तो 'स्मिदरीन्स'. ही नावं ओळीने वाचत आलेल्या माणसाला वाटावं, गडी मार्गाला लागला, आता याला पाहुण्यांपुढे बसवायला हरकत नाही. २०२५च्या ऑक्टोबरात जोजीने पुढच्या अल्बमची घोषणा केली. नाव 'पिस इन द विंड'.